चुन्याची रेघ आणि गोलमो

पाऊस पुरता उलगडला, दसरा होऊन गेला, की आमच्या किनाऱ्यावर गोलमो सुकायला पडतो. गोलमो म्हणजे बारीक जवळा. होडीतून उतरतो तेव्हा करडा आणि लिबलिबीत असतो. दोन उन्हं खाल्ली की गुलाबी होतो आणि मुठीत धरला तर वाळक्या पाल्यासारखा वाजतो. त्याचा वास अंगणात येतो, धुतलेल्या चादरींना येतो, मुलांच्या वह्यांनाही येतो. बाहेरगावचे लोक नाकाला रुमाल लावतात. आम्ही तो वास आला की घरात कांदे किती आहेत ते बघतो.

ऋतूंबद्दल हळवं होणं मला जमत नाही. पावसाळा म्हणजे न वाळणारे कपडे, उन्हाळा म्हणजे खोल गेलेली विहीर, आणि थंडी म्हणून जे काही आमच्याकडे येतं ते पहाटे चादर अंगावर ओढून घेण्यापुरतं. मी शाळेत गणित शिकवते. झाडांकडे बघत उभं राहायला मला कधी सवड झाली नाही आणि झाली असती तरी मी त्या वेळात वह्या तपासल्या असत्या. पण हा दसऱ्यानंतरचा वास आला की माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात. कुठेतरी वेळेत पोचायचं राहून गेलंय असं वाटतं. घड्याळ बघते, तर काही उशीर झालेला नसतो.

मग लक्षात येतं, ही त्या वर्षीची घाई आहे. अंगात राहून गेलेली.

त्या वर्षी गणपतीच्या आधी इनासला, माझ्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला आणि तो उचलायला वाकलेला इनास पुन्हा सरळ झाला नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती त्याने इस्पितळात डोळे उघडल्यापासून वापरायला सुरुवात केली. सलाईन लावणाऱ्या परिचारिकेला त्याने सांगितलं की सुई अशी टोचतात जशी नवशिका ड्रायव्हर गिअर टाकतो.

तो एसटीचा ड्रायव्हर. मालवणहून कोल्हापूरला गाडी न्यायची, तळेऱ्याच्या तिठ्यावर चहा प्यायचा, पुढे घाट चढायचा. उतरताना ज्या पायाने तो भरलेली गाडी वळणावळणावर ब्रेकवर तोलून धरायचा, नेमका तोच पाय आता चादरीखाली लाकडासारखा पडून होता. मी तो पाय चोळायचे तेव्हा इनास छताकडे बघत राहायचा. आपला नव्हेच जणू, कोणीतरी ठेवायला दिलेला पाय.

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी आठवड्यातून एकदा यायची. हसरी होती, पण पाय वाकवताना अजिबात दयामाया नाही. मला ती लगेच आवडली. तिने पहिल्याच दिवशी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, “काकी, जे परत यायचं ते सुरुवातीच्या काही महिन्यांत जास्त येतं. नंतर अगदी येतच नाही असं नाही, पण वेग फार मंदावतो. पाय रोज चालता ठेवायला हवा. रोज म्हणजे रोज.”

“काही महिने म्हणजे किती?”

“ते असं नक्की नाही सांगता येत.”

नक्की सांगता येत नाही अशा गोष्टीवर मी काम करू शकत नाही. म्हणून मुदत मीच घातली. नाताळ. नाताळापर्यंत पाय आला पाहिजे. का, तर कुठलीतरी तारीख हवी होती आणि ती मला पाठ होती.

कुडाळच्या एका वेल्डरने दोन जुन्या सायकली कापून मला एक तीनचाकी जोडून दिली. पुढे एक चाक, मागे दोन, रुंद सीट, पाठीला टेकायला पत्रा. पाय पेडलवरून घसरू नये म्हणून मी त्याला दप्तराचे जुने पट्टे शिवून लावले. ती गाडी अंगणात आणून उभी केली तेव्हा इनास ओसरीवर खुर्चीत बसला होता. त्याने ती नीट पाहिली.

“ह्यां काय? आइस्क्रीमचो गाडो?”

“बस.”

“पेटी खंय आसा गो? कुल्फी खंय ठेवतलंय?”

“इनास, बस.”

तो बसला. बसण्यासाठी मला आणि शेजारच्या दोघांना धरावं लागलं, आणि त्या सगळ्या वेळात तो आम्हाला गाडी रिव्हर्स घेताना क्लीनर ओरडतो तसा ओरडून सूचना देत होता.

आमच्या घराबाहेरचा रस्ता म्हणजे एक चढ, एक उतार आणि मधे डंपर. सपाट जागा गावात एकच: समुद्राकाठचं सार्वजनिक उद्यान. सुरूच्या झाडांमधून, कधीच न उडालेल्या कारंज्याला वळसा घालून, मग लांबच लांब समुद्राच्या कडेने जाणारा गुळगुळीत तांबडा सायकलमार्ग तिथे नुकताच झाला होता. गावात सायकल चालवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मार्ग बहुतेक वेळ मोकळाच असायचा. कुत्री त्यावर झोपायची, कारण तो पहाटे इतर जमिनीपेक्षा उबदार असतो.

त्या सकाळी मला अजून आठवतात, पण चित्रासारख्या नाही, हाताला आठवतात. पत्र्यावर साचलेलं दव पुसलेलं फडकं. पट्ट्याचं बक्कल. सुरूच्या सुया चाकाखाली मोडण्याचा बारीक आवाज. समुद्र तेव्हा सपाट पडलेला असतो, पावसाळ्यातली मस्ती पार उतरलेली, आणि होड्या परत येताना त्यांच्या इंजिनांचा आवाज होडी दिसायच्या कितीतरी आधी येतो. मी बाजूने चालायचे. डावा पाय काम करायचा, उजवा नुसता त्याच्यामागून फिरवला जायचा. आम्ही पहिल्या बाकापर्यंत जायचो, थांबायचो, वळायचो. मग दुसऱ्या बाकापर्यंत. इनास घामाघूम व्हायचा आणि मी त्याला अजून एक बाक म्हणायचे. लोक म्हणायचे, बाई फार कडक. असेन. मांडीतला स्नायू जरासा हलताना मी एकदा पाहिला होता, आणि ते दिसल्यावर दुसरं कसं वागायचं ते मला माहीत नव्हतं.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर स्कूटर आल्या.

उभ्याने चालवायच्या त्या विजेच्या स्कूटर. दोन लहान चाकं, एक दांडा, वर हँडल. देवबागच्या बाबीने आणल्या होत्या. बाबी माझा जुना विद्यार्थी. खाडीत पर्यटकांना बोटीतून फिरवायचा त्याचा भागीदारीतला धंदा मोडला होता आणि हा त्याने स्वतःच्या जिवावर काढलेला नवा. उद्यानाच्या फाटकाशी निळी छत्री लावून तो बसायचा. पर्यटक आले, स्कूटर घेतल्या, आणि समुद्राच्या कडेचा तो लांब सरळ तुकडा त्यांना फार आवडला. तिथे सुसाट जाता येतं.

त्या गाड्यांना आवाज नाही, हीच अडचण होती. सायकलची साखळी तरी करकरते, माणूस चालला तर चप्पल वाजते. ह्या मागून यायच्या आणि एकदम शेजारी असायच्या. एके सकाळी एक मुलगा इनासच्या उजव्या बाजूने, ज्या बाजूचं त्याला नीट कळत नाही त्या बाजूने, खांद्याला घासून गेला. तो “सॉरी अंकल” म्हणाला, तोवर पंचवीस हात पुढे गेला होता. इनास दचकला, हँडल वळलं, तीनचाकी मार्गावरून उतरून गवतात कलंडली. लागलं काहीच नाही. गवत मऊ होतं. पण पट्ट्यात अडकलेला पाय आणि खाली पडलेला तो, असा त्याला सोडवून उभा करायला चार अनोळखी माणसं धावली, आणि त्यांतल्या एका बाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“माका घराक व्हर,” इनास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी चादर ओढली.

“माका येवचां नाय.”

“कित्याक?”

“घाटात पाठसून ट्रक इलो तर तेचो आवाज येय. ह्यां भुतासारख्यां येतां. माका मान वळवूक येणा नाय आणि तेंका थांबूक येणा नाय. मी खंय जाव?”

तो बरोबर बोलत होता. पण बरोबर असणाऱ्या माणसाचाही पाय आखडतो. व्यायामवाली मुलगी आली, तिने घोटा वाकवून पाहिला आणि आधीपेक्षा आखडलाय म्हणाली. मी दिनदर्शिकेवर नाताळापर्यंतचे दिवस मोजले. मग चप्पल घातली आणि बाबीकडे गेले.

“बाबी, तुझी गिऱ्हायकां इनासच्या अंगार येतत.”

“बाई, मी काय करू सांगा. बोर्ड वाचा. सायकल आणि ई-स्कूटर, दोनय लिवलेले आसत.”

“बोर्ड मी वाचलंय. तेंका हळू चालवूक सांग.”

“सांगतंय मगे रोज. पण तेंका हळू जावचां असतां, तर ती चलत नाय गेली असती?”

“मग वाजवूक तरी सांग काय तां.”

“आवाज नाय म्हणानच उद्यानात परवानगी गावली, बाई.” तो खरोखर ओशाळला होता. छत्रीखालून उठून त्याने मला बसायला स्टूल दिलं. मी बसले नाही.

तिथून उद्यानाचा कारभार बघणाऱ्या सरकारी कार्यालयात. तिथे एका टेबलामागच्या तरुणाने मला अदबीने बसवलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, “मॅडम, तो मार्ग सामायिक आहे. मंजुरीच तशी आहे.”

सामायिक हा शब्द ज्याने तिथे घातला तो आमच्याकडचा नसावा. आमच्याकडे सामायिक विहीर म्हणजे दोन भावांची बोलाचाली बंद. सामायिक फणस म्हणजे झाडाखाली कुजलेले फणस. सातबाऱ्यावर सामायिक लिहिलेल्या जमिनीत तीन पिढ्या कोणी साधी मेर, म्हणजे बांध, घालू शकत नाही. मी त्या तरुणाला म्हटलं, “मग मधे रेघ मारून द्या. अर्धा त्यांचा, अर्धा हळू जाणाऱ्यांचा.”

“त्यासाठी वेगळा प्रस्ताव लागेल.”

“किती दिवस?”

तो हसला. हसण्यासारखाच प्रश्न होता.

मी घरी आले, दिवाळीची सुट्टी होती, आणि रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर चुना कालवला. शाळेचं मैदान खेळांसाठी आखण्यात माझा हात बसलेला आहे. काथ्याची दोरी, बादली, रुंद कुंचला. फेरा सगळा आखणं शक्य नव्हतं. मी तो समुद्राकडचा सरळ तुकडा धरला. दोरीचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून बाबीला हाक मारली. तो आला. मला वाटतं, नाही म्हणायची त्याला अजून वर्गातली भीती असावी.

“बाई, रेघ वाकडी इली तर हातार छडी कोणाच्या?”

“ताणून धर.”

“धरलंय. पण माझ्याच धंद्याक रेघ मारूक माकाच दोरी धरूक लावलास, ह्यां काय खरां नाय.”

“अर्धो तुका ठेवलंय मगे. मधोमध.”

बरोबर मधोमध. मी न्यायाने वागले होते. समुद्राकडचा अर्धा, जिथे ऊन चांगलं पडतं, तो सायकलींना; झाडांकडचा सावलीचा अर्धा स्कूटरना. संध्याकाळी रेघ वाळून पांढरीशुभ्र उमटली. इतकी सरळ की मी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

सोमवारी इनासला उठवायला मला सगळी सकाळ घालवावी लागली. मी त्याला रेघेबद्दल सांगितलं. तो म्हणाला, रेघेक काय ब्रेक आसत? मी म्हटलं, बघ तरी. तो म्हणाला, तू बघ आणि माका सांग. शेवटी मी सांगितलं की आज आला नाहीस तर मी एकटी त्या गाडीवर बसून गावातून चालवत जाईन. ते त्याला पटण्यासारखं होतं. मी तसं केलं असतं. आम्ही निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

उद्यानात शिरलो, कारंज्याला वळलो, आणि मी जागच्या जागी थांबले.

माझा अर्धा मार्ग गुलाबी-करडा दिसत होता. पार शेवटपर्यंत. गोलमो पसरलेला होता. मधेमधे मिठात घातलेले बांगडे, चिरून उघडे करून, ओळीने. वाव-वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याइतकी, जागा सोडून एकेक नारळाची करवंटी ठेवलेली. रेघेच्या पलीकडे मात्र एक शेपूटसुद्धा गेलेलं नव्हतं. आणि कडेला सुरूच्या बुंध्याशी काठी घेऊन, कावळ्यांवर नजर ठेवत, शेवंती बसली होती. शेवंती आमच्या मासेबाजारातली. तिच्याशी भाव करताना मी आजवर एकदाही जिंकलेली नाही.

“येवा बाईनू!” ती लांबूनच ओरडली. “लाइन मारलास ती एक नंबर काम केलास. आता भांडान नको.”

“शेवंती, ह्यां काय?”

“काय म्हणजे? वाटे घातले. सकाळी सगळ्या बायल्यांनी मिळान. पयलो माझो, मगे रुक्मिणीचो, मगे तिच्या जावेचो.”

मग मला उमगलं. किनाऱ्यावर मासळी सुकवायची जागा घराघरांत वाटलेली असते. दगड मांडून, करवंट्या ठेवून. दरवर्षी कोणीतरी दगड सरकवतं आणि दरवर्षी त्यावरून सात पिढ्यांचा उद्धार होतो. अशा बायकांना पहाटे मासळीच्या पाट्या घेऊन येताना काय दिसलं? वाळूपेक्षा स्वच्छ, लवकर तापणारी फरशी. आणि तिच्यावर कोणीतरी जबाबदार माणसाने चुन्याने सरळ आखून दिलेली, उन्हाच्या बाजूची अर्धी पट्टी. दुसरं कसलं असणार ते? अखेर सरकारने त्यांच्या मासळीकडे बघितलं होतं.

“अगो, ता सायकलींसाठी आखलंय मी!”

“सायकली?” तिने मार्गाकडे पाहिलं, इनासकडे पाहिलं. “एकच तर आसा. ती त्या बाजून जायत. माझो गोलमो खंय जायत?”

मागे इनास हसायला लागला होता. झटका आल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. एका बाजूने वर जाणारं, वाकडं, पण त्याचंच. “मार रेघ,” तो म्हणाला. “अजून एक मार.”

मला परत फिरायचं होतं. खरंच. पण मागून बाबीची पाच-सहा गिऱ्हाइकं स्कूटर घेऊन आली होती, आणि फिरायला जागा नव्हती. एका बाजूला गोलमो, दुसऱ्या बाजूला कठडा आणि झाडं. पुढे जाणं एवढंच शिल्लक होतं. मी इनासची गाडी रेघेच्या सावलीकडच्या बाजूला लावली. अर्ध्या मार्गात ती नेमकी मावत होती. शेजारून मांजर गेलं असतं, स्कूटर नाही.

इनासने पेडल मारलं. मागची स्कूटर थांबत, पाय टेकत, पुन्हा सुरू होत त्याच्या पाठी आली. तिच्यामागे दुसरी. मग पहिल्या पोराने, मनाई असूनही, हँडलवरचं बटण दाबलं. पीं, पीं.

इनासची पाठ ताठ झाली. ती मी मागून पाहिली. पत्र्याला टेकलेली पाठ पत्र्यापासून सुटली.

“हॉर्न मारता माका,” तो हलकेच म्हणाला.

“इनास, थांबया का जरा? तेंका पुढे—”

“थांबूचा नाय. घाट आसा हो. घाटात साइड दिवची ती ड्रायव्हरच्या मनार आसता.”

पीं, पीं.

“वाजव!” इनास मान न वळवता ओरडला. “वाजव बाबा! कोल्हापूरपर्यंत वाजव!”

बाबी फाटकाकडून धावत आला. “इनासकाका, वाईच बाजूक घे रे, गिऱ्हायकां खोळंबली!”

“खंय घेव? बांगड्यार घालू?”

“घालान तर बघ!” शेवंती काठी घेऊन उभी राहिली. आता तिचं बोलणं कोणा एकाला नव्हतं. सगळ्या पर्यटनालाच होतं. “एक जरी चाक माझ्या गोलम्यार इलां ना, तर ही काठी बगलास? गाडी उभ्यान चालवतत, मेल्यांका बसाक काय जाता!”

मागची पोरं हसत होती. एकीने फोटो काढला. कोणी पुढे जाऊ शकत नव्हतं आणि, का कोण जाणे, दोन मिनिटांनी कोणाला जायचंही नव्हतं. पहिला बाक गेला. दुसरा गेला. इनासच्या मानेवरून घाम उतरत होता आणि मी बाजूने चालू शकत नव्हते, कारण जागाच नव्हती. कठड्याला चिकटून मी स्कूटर पुढे जाऊ दिल्या होत्या आणि आता सगळ्यांच्या शेवटी, रिकाम्या हाताने चालत होते. म्हणून ते मला लांबून दिसलं. चढाव आल्यासारखा मार्ग जिथे जरा उचलतो तिथे डावा पाय अडकला, गाडी थबकली, आणि उजवा गुडघा खाली गेला. फिरवला गेला नाही, स्वतः गेला. एकदा. गाडी पुढे सरकली.

शेवटाला पोचल्यावर इनासने मार्ग रुंद होतो तिथे गाडी कडेला घेतली, डावा हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जाण्याची खूण केली, आणि प्रत्येक स्कूटर जाताना तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी त्याचे आभार मानले.

पुढचे आठवडे असेच गेले. फार काही रम्य नव्हतं. गोलम्याच्या वासाने गिऱ्हाइकं परत जातात म्हणून बाबी कुरकुरायचा, शेवंती त्याला तुझ्या बापाशीने हाच वास खाऊन तुला वाढवला म्हणायची. कार्यालयातला तो तरुण एकदा बघायला आला.

“मॅडम, ही रेघ कोणी मारली?”

“मी.”

“आणि हे मासे?”

“ते मी नाही.”

तो रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. मग प्रस्ताव पाठवतो म्हणाला आणि गेला. प्रस्तावाचं पुढे काय झालं ते कोणाला माहीत नाही. रेघ चपलांनी पुसट झाली की दुसऱ्या दिवशी ताजी झालेली असायची. मी मारत नव्हते. मला वाटायचं शेवंती मारते. एका पहाटे कुंचला घेऊन वाकलेला बाबी दिसला.

तो रोज फाटकाशी इनासला अडवायचा. “काका, आज किती फेरे?”

“तुका कित्याक?”

“गिऱ्हायकांका सांगूक व्हया, किती वेळ लागतलो तो.”

“सांग, वाटेत जेवान घेवा.”

मी पोरांना नेहमी सांगते, उत्तर बरोबर आलं पण रीत चुकली तर गुण नाहीत. त्या मोसमात मी स्वतःलाच अडचणीत आणलं. मला हवा होता एक मोकळा, वेगळा काढलेला अर्धा मार्ग. तो मिळाला असता तर इनास त्यावरून एका कडेने, आजाऱ्यासारखा, सावकाश गेला असता आणि शेजारून जग सुसाट गेलं असतं. सुरक्षित, आणि बाजूला. चुकीचं समजून बायकांनी त्यावर मासळी घातली म्हणून सगळ्यांना एकाच पट्टीत यावं लागलं. सामायिक म्हणजे काय ते मला त्या पट्टीत कळलं, आणि ते गोड नाही. तिथे कोणी कोणावर प्रेम करत नव्हतं. एवढंच होतं की पुढच्याला डावलून जाता येत नव्हतं, म्हणून मागच्याला त्याचा वेग माहीत करून घ्यावा लागत होता. मी हे आता शाळेच्या दारात, बँकेच्या रांगेत, कुठेही बघते. माणसं वाईट नसतात. त्यांच्याकडे बाजूने निघून जायला जागा असते.

आता दरवर्षी दिवाळीनंतर उद्यानात तेच चालतं. स्कूटर जुन्या झाल्या, बाबीने नव्या घेतल्या. मी बाजारातून येताना कधी तिकडून वळते. पण सांगायचं होतं ते त्या पहिल्या वर्षाचं.

नाताळ आला. घराघरांत नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण भाजलं जात होतं, आमच्या अंगणात तारा टांगायचा होता. ती व्यायामवाली मुलगी आली. तिने इनासला उभं केलं, चालवलं, टाचेवर बोट दाबलं, हाताची बोटं एकेक उघडून पाहिली. मी स्वयंपाकघरात थांबले, कारण खरं ती तिथेच सांगायची.

“गुडघा छान आलाय, काकी. मांडीही. एवढं मला वाटलं नव्हतं. काठीने ते घरात फिरतील.” तिने पिशवी खांद्याला लावली. “घोटा मात्र नाही. आणि हात... हाताबद्दल मी आता आशा लावणार नाही.”

घोटा नाही म्हणजे ब्रेक नाही. गाडी नाही. ते तिने म्हटलं नाही, मला कळलं.

मी नेवऱ्या तळून काढल्या. एकही जळू दिली नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर इनासला समोर बसवून सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण त्याच्याशी वेगळं कसं बोलतात ते मला येत नाही. जेवढं यायचं तेवढं आलं असं ती म्हणते. घोटा येणार नाही. हात येणार नाही. मी नाताळपर्यंतची मुदत धरली होती, ती संपली. सण झाला की शाळा सुरू होईल, तपासणीचं काम आहे, तेव्हा आता रोज जायची गरज नाही, आठवड्यातून दोनदा जाऊ. तो ऐकत होता. त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, नीट, जसा कोणी टोपी काढून ठेवतो. आम्ही झोपलो.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मला अंगणातून खडखड ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर इनास तीनचाकीवर बसलेला होता. कसा बसला ते मी बघितलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. गुडघ्यापर्यंत धूळ होती, कोपर खरचटलं होतं.

“आज नाय जावचां ठरलां होता,” मी म्हटलं. “नाताळ झालो.”

“नाताळ तुझो.” त्याने पेडल अर्धं मागे फिरवून पाय बसवला. “माझी गाडी अजून डेपोक लागाक नाय. चल बेगीन. उशीर केलंस तर तो बाबी पुढे सुटतलो.”